अडीच टॉगच्या आत

किस्से जमवायला मी कधी बसले नव्हते. पण गालिच्याखाली माती कशी जमते? वरून रोज झाडा, व्हॅक्यूम करा आणि वर्षाने कोपरा उचला, खाली अर्धं शेत! तसंच झालंय माझं. माणसं येतात, गालिचा मागतात, मी सांगते ते मान हलवत ऐकतात, घरी जाऊन नेमकं उलटं करतात आणि परत माझंच डोकं खायला येतात. पाच वर्षांत एवढं साठलंय की आता सांगून टाकलेलं बरं.

आधी माझी ओळख. मी मेघा. इचलकरंजीला टेक्स्टाइल शिकले, मिलच्या लॅबमध्ये सूत तपासायचे. नवरा निखिल डॉक्टर. त्याला आयर्लंडमध्ये नावन नावाच्या गावाच्या बाजूला नोकरी लागली, शुगरच्या पेशंटची ओपीडी. मग मीही आले. इथे सूत तपासायला कोणी बोलवेना, म्हणून २०१४ साली एका गालिच्याच्या दुकानात लागले. "इंजिनीअर सून सतरंज्या विकते म्हणे," असं सांगलीच्या एका काकूंनी लग्नाच्या पंगतीत जाहीर केलं. खोटं असतं तर भांडले असते. खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

त्या सुमारास इकडे नवी घरं व्हायला लागली होती आणि त्यात अंडरफ्लोअर हीटिंग. म्हणजे भिंतीला रेडिएटर नाही, फरशीच्या खाली गरम पाण्याचे पाईप. आपली माणसं खूश! चपला दाराबाहेर, अनवाणी घरभर. पण नुसती फरशी दिसते उघडीबोडकी, म्हणून गालिचा हवा. आणि इथूनच माझ्या कपाळावरची आठी सुरू होते.

दुकानाचा मालक डेक्लन. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं की गालिच्याला टॉग असतो, म्हणजे तो ऊब किती अडवतो त्याचा आकडा. इकडे रजईवर छापलेला असतो तोच. गालिचा आणि त्याच्याखालचं अस्तर मिळून अडीचच्या आत राहिलात, तर फरशीची ऊब पायाला लागते. त्याच्यावर गेलात की तुम्ही फरशीला पांघरूण घातलंत आणि स्वतः उघडे बसलात. एवढंच! तिसरीतल्या पोराला कळेल. आमच्या मित्रमंडळींना कळलं नाही.

*

पण माझं खरं दुखणं दुकानात नव्हतं, घरात होतं.

२०१५ साली माझ्या सासूबाई गेल्या. सांगलीच्या फ्लॅटमध्ये सासरे एकटे. अप्पा. एस.टी.च्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. शुगरच्या गोळ्या, शेजारच्या बाईंचा डबा, आणि दिवसभर बाल्कनीत बसून खालून जाणाऱ्या गाड्यांच्या इंजिनांना नावं ठेवणं. निखिल एकुलता एक. अप्पा दर हिवाळ्यात तीन महिने आमच्याकडे यायचे आणि परत जायचे. ते परत गेले की निखिल आठवडाभर जेवताना बोलायचा नाही.

अप्पांनी कायमचं इथे राहावं, ही त्याची एकच इच्छा होती. त्यासाठीचा अर्ज त्याने प्रिंट काढून किचनच्या प्रेसमध्ये ठेवलेला. प्रेस म्हणजे इकडे कपाट. सगळं भरून तयार. फक्त अप्पांची सही हवी होती.

मग विचारायचं की नाही सरळ? नाही! आमच्या सासरी ती पद्धतच नाही. सरळ विचारलं तर समोरच्याला सरळ नाही म्हणावं लागतं, आणि ते वाईट दिसतं. म्हणून निखिल विचारणार, "अप्पा, करमतंय ना इथं?"

"करमतंय की," अप्पा म्हणणार. "पाय तेवढे गार पडत्यात बघ हितं."

झालं! निखिल किचनमध्ये येऊन माझ्या कानात, "ऐकलंस ना? नाही म्हणतायत."

म्हणून आम्ही २०१६ साली गरम फरशीचं घर घेतलं. लोक शाळा बघून घर घेतात, स्टेशन बघून घेतात. आम्ही दोन पाय बघून घेतलं. अप्पांसाठी खालची खोली ठेवली आणि तिथे घालायला मी दुकानातला सर्वांत चांगला, पातळ विणीचा लोकरी गालिचा आणला. एक पॉइंट दोन टॉग! अप्पा आले, खुर्चीत बसले, पाय टेकवले. आम्ही दोघं परीक्षेचा निकाल बघायला उभं राहावं तसे दारात उभे.

"कसं आहे अप्पा?"

"नक्षी झ्याक हाय," अप्पा म्हणाले. "पाय गार हायेत."

*

आता वैशाली. आमच्याच इस्टेटमध्ये, म्हणजे वसाहतीत, चार घरं सोडून. तिला दुकानातला पांढरा, झिपऱ्या लोकरीचा गालिचा आवडला. "पाय रुतले पाहिजेत गं त्यात!" मी म्हटलं, बाई, हा एकटाच साडेतीन टॉग आहे, खाली अस्तर घातलंस की पाचावर जाईल. खोली तापणार नाही.

"अगं पण लोकर आहे ना? लोकर गरमच असते की!"

"लोकर गरम नसते. मेंढी गरम असते. लोकर तिची ऊब आत धरून ठेवते. तुझी फरशी म्हणजे मेंढी. तू लोकरीच्या बाहेर बसणार आहेस!"

"शी! एवढी इटालियन टाइल, तिला मेंढी काय म्हणतेस?" असं म्हणून तिने तोच उचलला. वर जाड रबरी अस्तरही घेतलं, घसरायला नको म्हणून.

नोव्हेंबरात तिचं हीटिंग 'बिघडलं'. थर्मोस्टॅट पंचवीसवर आणि दोघं दिवाणखान्यात जॅकेट घालून. प्लंबर आला. भला मोठा, लालबुंद माणूस. बॉयलर बघितला, पंप बघितला, मग गुडघ्यावर बसून गालिच्याचा कोपरा उचलला आणि खाली हात घातला. "कम हिअर टू मी, मिसेस," तो म्हणाला. "युवर हीटिंग इज ग्रँड. इट्स ऑल इन हिअर." आणि उठून निघाला.

वैशालीचा मला लगेच फोन. "मेघा, ऊब सगळी गालिच्याच्या खाली अडकलीय गं!"

मी देवाचे आभार मानले. म्हटलं, चला, पटलं एकदाचं.

"मग मी असं करते," ती म्हणाली, "गालिचाच उलटा घालते. म्हणजे लोकर खाली आणि ऊब वर!"

मी फोन ठेवून दिला.

*

वैशालीचा नवरा मंदार. चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर आहे. उलट्या गालिच्यावर तीन दिवस चालल्यावर त्याने प्रकरण स्वतःच्या हातात घेतलं. "तुमचं सगळं अंदाजपंचे आहे," तो मला म्हणाला. "डेटा पाहिजे."

शनिवारी दुकानात आला तो हातात लांबून तापमान मोजायचं यंत्र घेऊन. रिव्हॉल्व्हरसारखं धरायचं आणि लाल ठिपका पाडायचा. दोन तास हा माणूस दुकानभर फिरून एकेका गालिच्यावर नेम धरत होता आणि लॅपटॉपवर आकडे भरत होता. एक आजीबाई दारातूनच परत गेल्या. डेक्लनने मला बाजूला घेऊन विचारलं, "युवर मॅन, इज ही ऑल राइट?"

शेवटी मंदार माझ्याकडे आला, चेहरा पडलेला. "मेघा, काहीतरी गडबड आहे. सगळे गालिचे सोळा डिग्रीच दाखवतायत. जाड पण सोळा, पातळ पण सोळा!"

"मंदार," मी म्हटलं, "दुकानच सोळा डिग्री आहे."

तो म्हणाला, "हां. म्हणजे टेस्ट घरी घ्यायला हवी." डेक्लन भला माणूस, त्याने सहा गालिचे ट्रायलवर दिले. मी त्यांच्या घरी जाऊन बघते तर काय, सहाच्या सहा गालिचे एकाच खोलीत, भिंतीपासून भिंतीपर्यंत, एकाला एक चिकटवून अंथरलेले! फरशीचा एक तुकडा उघडा नाही. आणि खोली बर्फ.

"सगळ्यांना सेम कंडिशन द्यायला नको का?" मंदार म्हणाला. त्याच्या तोंडातून वाफ निघत होती.

*

मग मीच एक पातळ सुती गालिचा शोधून त्यांच्या घरात घातला. रबर नाही, अस्तर नाही, एक टॉगसुद्धा नाही. खोली छान तापली. मला वाटलं, सुटले!

जानेवारीत वैशालीची आई आली, बार्शीहून. मी भेटायला गेले. दार उघडलं मंदारने, आणि म्हणाला, "जपून. डाव्या बाजूने ये." माझा गालिचा गुंडाळून सोफ्यामागे उभा. फरशीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जुनी नऊवारी अंथरलेली आणि तिच्यावर कुरडया. ओळीने, चांगल्या शे-सव्वाशे!

"काकू, अहो हे काय?"

"वाळवण," काकू शांतपणे म्हणाल्या. "हितं ना अंगण, ना गच्ची. वर बघावं तर आभाळ सदा रडवं. म्या दोन दिस इचार केला. मग ध्यानात आलं, ह्या मुलखात ऊन वरनं न्हाय येत, खालनं येतंय."

मंदार बिचारा खोलीच्या मध्यात, एका मोकळ्या फरशीवर, चहाचा कप घेऊन एका पायावर उभा होता. "तीन दिवस सोफ्यापर्यंत पोचलो नाही," तो म्हणाला.

"काकू, आणि गालिचा? मी एवढा निवडून आणलेला?"

"त्यो लई कामाचा हाय," काकू म्हणाल्या. "संध्याकाळी कुरडयांवर झाकाया बरा पडतो."

इतक्या वर्षांत माझ्या गालिच्याचं कौतुक केलं ते एकट्या त्या माउलीने!

*

इकडे आमच्या घरी अप्पांचं चालूच. लोकरी झाला, मग सुती झाला, मग ज्यूटचा. ज्यूटला ते म्हणाले, "पोत्यावर पाय ठेवल्यागत वाटतंय, पण चालंल." चालेल म्हणाले म्हणून निखिलने अर्ज काढून टेबलावर ठेवला, वर पेन ठेवलं. दुसऱ्या मिनिटाला, "पाय मात्र गारच बघ." अर्ज परत प्रेसमध्ये.

त्याच हिवाळ्यात अप्पांना जिन्याखालच्या कपाटात पाईपांचा गुच्छ सापडला. एकेका खोलीला एकेक पाईप आणि प्रत्येकाला एक चावी. या माणसाचे डोळे असे चमकले की काय सांगू! तीन महिने टीव्हीसमोर मरगळून बसणारा माणूस स्टूल घेऊन त्या कपाटात जाऊन बसला. आमची लेक इरा तेव्हा नऊ वर्षांची. ती शाळेतून आली की दप्तर टाकून तीही आत. हे मराठीत बोलणार, ती इंग्लिशमध्ये उत्तर देणार, आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळणार.

"हे बघ पोरी, ह्यातनं गरम पाणी जातं, ह्यातनं गार होऊन माघारी येतं. गाडीच्या रेडिएटरचंच गणित हाय, निस्तं उलटं."

"सो द फ्लोअर इज द इंजिन, आबा?"

"आता कसं बोललीस!"

तिसऱ्या दिवशी अप्पांनी मला हाक मारली. "मेघा, हितं हात लाव. आता ह्याला लाव." पहिला पाईप चटका बसेल असा आणि दुसरा, त्यांच्या खोलीचा, कोमट. "माझ्या खोलीची चावी पाईप बसवणाऱ्या गड्यानं निम्मी बंदच ठिवलीया. बांधल्यापास्नं!" दोन वर्षं! दोन वर्षं मी टॉग मोजत होते आणि चावी बंद होती. मला रडावं की हसावं कळेना. अप्पांनी चावी पाव फेरा फिरवली. संध्याकाळपर्यंत खोली अशी तापली की निखिलने स्वेटर काढला.

अप्पा खाली वाकले, फरशीवर तळवा टेकवला आणि म्हणाले, "तापली! झकास तापली." त्यांच्या चेहऱ्यावर मेकॅनिकचा तो आनंद होता, बंद पडलेली गाडी चालू झाल्याचा.

निखिल आधीच किचनकडे पळाला होता, अर्ज आणायला.

"मग आता, अप्पा?" परत येत त्याने विचारलं.

अप्पांनी चप्पल काढली, पाय फरशीवर ठेवले. "फरशीत दोष न्हाई," ते म्हणाले. "पायच गार हायेत."

त्या दिवशी मी निखिलला सांगून टाकलं, "नाचता येईना अंगण वाकडं, आणि राहायचं नसलं की पाय गार! त्यांना सांगलीला जायचंय. तू उगाच जीव काढू नकोस." अर्ज प्रेसमध्ये ठेवताना निखिलने तो अगदी खालच्या कप्प्यात ठेवला.

*

मध्येच एक कुत्र्याचा सांगते, नाहीतर राहून जाईल.

एक आयरिश आजी होत्या. एकट्याच राहायच्या, सोबत एक म्हातारा कुत्रा. त्यांनी आमच्याकडून चार गालिचे नेले आणि चारही परत आणले. कारण एकच, "ही डझन्ट लाइक इट." कुत्रा गालिच्यावर बसत नाही, शेजारी उघड्या फरशीवर जाऊन पडतो.

मी चारही गालिच्यांचे टॉग तपासले. चारही अडीचच्या वर! पाचवा मी स्वतः दिला, पातळ. दुसऱ्या दिवशी आजींचा फोन, कुत्रा आल्या आल्या त्यावर आडवा झाला आणि उठायला तयार नाही. डेक्लन म्हणाला, आपण हा कुत्रा पगारावर ठेवू.

मी हसले, पण घरी जाताना गाडीत वाईट वाटत राहिलं. एका कुत्र्याचं मी पाचव्या गालिच्यात जमवलं. घरच्या माणसाचं तिसऱ्या वर्षीही जमत नव्हतं.

*

आणि हा शेवटचा. हा मी आजवर दुकानात कोणाला सांगितलेला नाही.

२०१८चा फेब्रुवारी. अप्पांचं परतीचं तिकीट पुढच्या शनिवारचं. बॅग पलंगाखालून बाहेर आलेली. निखिलचं बोलणं बंद व्हायला आठवडाभर आधीच सुरुवात झाली होती. मी मनाशी म्हटलं, शेवटचा प्रयत्न. डेक्लनच्या मागे लागून एका विणकराकडून गालिचा करून घेतला. सुती ताणा, बारीक लोकरीचा बाणा, इतका पातळ की उजेडात धरला तर पलीकडचं दिसावं. टॉग मोजायला गेले तर जवळजवळ काहीच येईना. आठ वर्षं लॅबमध्ये सूत तपासलं ते याचसाठी, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

रविवारची दुपार. फरशी सकाळपासून तापत ठेवलेली. मी गालिचा अंथरला, हाताने सुरकुत्या काढल्या. माझ्या तळव्याला ऊब अशी लागत होती की जणू मध्ये काही नाहीच. अप्पा खुर्चीत बसले. इरा शेजारी, निखिल दारात. अप्पांनी पाय टेकवले.

"लई मऊ हाय," अप्पा म्हणाले. "पाय तेवढे..."

"गार आहेत!" मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "माहीत आहे मला! अप्पा, तुम्हाला इथं राहायचं नसेल तर तसं तोंडाने सांगा. सांगली आवडते, आम्ही आवडत नाही, काय असेल ते सांगा. पण पायांवर ढकलू नका! तीन वर्षं झाली. घर घेतलं, चार गालिचे झाले, आता अजून काय अंथरू मी? स्वतःला अंथरू का?"

इराने माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं. सासऱ्यांना मी उलटून बोलले ती आयुष्यात एवढी एकदाच.

अप्पा रागावले नाहीत. ते गोंधळले. एकदा माझ्याकडे, एकदा निखिलकडे बघत राहिले.

"राहायचं न्हाई, असं कोण म्हनलं?" ते म्हणाले.

"तुम्हीच! दर वेळी!"

"मी कवा? पाय गार हायेत का इचारता, मी गार हायेत म्हणतो. हायेत, म्हणून म्हणतो." "त्या फ्लॅटात भिंतीसंगं बोलत बसायची हौस हाय व्हय मला? ही गेल्यापास्नं मी वाट बघायलोय, तुम्ही कवा म्हणताय ऱ्हावा म्हणून. कुणी म्हनलंच न्हाई. तीन वरसं झाली, निस्ते गालिचेच दाखवायलाय!"

निखिल दारातून जवळजवळ धावत गेला आणि अर्ज घेऊन आला. या वेळी अप्पांनी पेनही मागून घेतलं, मांडीवर इराची वही ठेवून तिच्यावर अर्ज ठेवला आणि वळणदार अक्षरात सही केली. पूर्ण नाव, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. "आबा इज स्टेइंग!" म्हणून इरा खोलीभर नाचली. मी रडत होते आणि हसतही होते. निखिलने खाली बसून अप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं. तो असलं कधी करत नाही.

डोकं ठेवलं, आणि तसाच राहिला.

मग त्याने मान वर केली. अप्पांचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतला. तळवा चाचपला, बोटं बघितली, बोटांच्या मधलं बघितलं. त्याचा चेहरा बदलत गेला. हे तो हॉस्पिटलात शुगरच्या अनोळखी पेशंटचं दिवसातून कितीतरी वेळा करतो. घरी कधी केलं नव्हतं. घरी आम्ही गालिचे बघत होतो.

"अप्पा," तो अगदी हळू म्हणाला, "डोळे मिटा. मी एकेका बोटाला हात लावतो. कुठल्या बोटाला लावला ते सांगायचं."

"आता ह्यो काय खेळ काढलास?" अप्पा हसले. सही झाल्याने खुशीत होते. त्यांनी लहान मुलासारखे डोळे घट्ट मिटले.

निखिलने अंगठा धरला. मग शेजारचं बोट. मग करंगळी. करंगळी त्याने इतकी दाबली की तिचं नख पांढरं पडलेलं मला समोरून दिसत होतं. इरा नाचायची थांबली.

अप्पा डोळे मिटून, मान जराशी वर करून, हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होते.

"अरं, लाव की हात आधी!" ते म्हणाले.